वाळूच्या किनाऱ्यावरील धातुशोध : शोधकॉइलचे संरक्षण व निगा
(फ्लॉरिडाच्या पूर्व किनाऱ्याच्या संदर्भात एक विवेचन)

गोषवारा

समुद्रकिनाऱ्यावरील वाळूत दडलेल्या धातूच्या वस्तू शोधण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या धातुशोधक यंत्राचा, म्हणजेच मेटल डिटेक्टरचा, सर्वांत संवेदनशील आणि त्याच वेळी सर्वाधिक झीज सोसणारा भाग म्हणजे त्याची शोधकॉइल होय. वाळूचे घर्षण, समुद्राच्या पाण्यातील क्षार, उन्हाची उष्णता आणि आघात या चार कारणांनी कॉइलची हानी होते. ही हानी टाळण्यासाठी वापरले जाणारे प्लॅस्टिकचे आवरण योग्य प्रकारे न हाताळल्यास तेच खोट्या संकेतांचे कारण बनते. प्रस्तुत लेखात कॉइलच्या कार्यतत्त्वाच्या आधारे तिच्या संरक्षणाचे व निगेचे नियम स्पष्ट केले आहेत.

बीजसंज्ञा : धातुशोधक, शोधकॉइल, विद्युतचुंबकीय प्रवर्तन, क्षारयुक्त वाळू, खोटा संकेत, संरक्षक आवरण.

प्रस्तावना

३१ जुलै १७१५ रोजी अमेरिकेतील फ्लॉरिडाच्या पूर्व किनाऱ्याजवळ चक्रीवादळात सापडून स्पेनच्या व्यापारी व लढाऊ ताफ्यातील ११ जहाजे बुडाली. मेक्सिको व दक्षिण अमेरिकेतील टांकसाळींत पाडलेली सोन्याचांदीची नाणी या जहाजांतून स्पेनकडे जात होती. त्यांतील काही नाणी मोठ्या वादळानंतर आजही किनाऱ्यावर येऊन पडतात. त्यामुळेच या किनारपट्टीला ‘ट्रेझर कोस्ट’, म्हणजे खजिन्याचा किनारा, हे नाव मिळाले. विसाव्या शतकाच्या मध्यास किप वॅग्नर यांनी सेबॅस्टियन गावाजवळच्या किनाऱ्यावर अशी नाणी वेचली. पुढे लष्कराच्या शिल्लक साठ्यातून विकत घेतलेल्या धातुशोधकाच्या साहाय्याने त्यांनी जहाजे बुडाल्यावर वाचलेल्या लोकांच्या छावणीची जागा शोधून काढली. धातुशोधकाने इतिहासाच्या अभ्यासाला हातभार लावल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

समुद्राच्या पाण्यात तीन शतके राहिलेली चांदीची नाणी मूळ स्वरूपात सापडतातच असे नाही. चांदीचा पृष्ठभाग काळा पडतो, कडा झिजतात आणि काही नाण्यांत शुद्ध धातूचा गाभा पातळ झालेला असतो. अशा नाण्याकडून मिळणारा संकेत क्षीण असतो. कॉइल सदोष असेल तर हा क्षीण संकेत यंत्राच्या कुरकुरीत हरवतो आणि शोधक ती जागा सोडून पुढे जातो. पुढच्या लाटांनी ते नाणे पुन्हा वाळूच्या खोल थरात जाऊ शकते. त्यामुळे कॉइलच्या निगेचा संबंध यंत्राच्या आयुष्याइतकाच संभाव्य ऐतिहासिक पुराव्याशीही आहे. या दृष्टीने प्रस्तुत विषयाचा विचार करणे आवश्यक ठरते.

शोधकॉइलची रचना व कार्यतत्त्व

मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये मांडलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे तत्त्व हा धातुशोधकाचा पाया आहे. सर्वसाधारण यंत्राच्या कॉइलमध्ये तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. प्रक्षेपक वेटोळ्यातून काही हजार हर्ट्झ किंवा त्याहून अधिक वारंवारतेचा विद्युतप्रवाह वाहतो व त्यामुळे सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. या क्षेत्रात धातूची वस्तू आली की तिच्यात भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह निर्माण होतात. या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र असते व ते ग्राहक वेटोळ्याला जाणवते.

प्रक्षेपक वेटोळ्याचे क्षेत्र अत्यंत प्रबळ आणि वस्तूकडून परत येणारे क्षेत्र अत्यंत दुर्बळ असते. प्रबळ क्षेत्राचा थेट परिणाम ग्राहक वेटोळ्यावर होऊ नये म्हणून दोन्ही वेटोळी विशिष्ट स्थितीत बसविलेली असतात. काही कॉइलमध्ये ती एककेंद्री असतात, तर काहींत इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराची दोन वेटोळी पाठीला पाठ लावून किंचित एकमेकांवर चढविलेली असतात. या रचनेमुळे वस्तू नसताना ग्राहक वेटोळ्यातील परिणाम जवळजवळ शून्य राहतो. हे संतुलन इतके नाजूक असते की वेटोळी किंचित सरकली तरी ते ढळते. म्हणूनच कारखान्यात ती इपॉक्सी रेझिनमध्ये किंवा घट्ट फेसात पक्की केली जातात. वेटोळ्यांभोवती ग्रॅफाइटयुक्त लेपाचे विद्युत-कवच दिलेले असते. ते बाहेरील विद्युत-परिणामांपासून कॉइलचे रक्षण करते. या सर्वांवर कठीण प्लॅस्टिकचे बाह्य कवच असते.

कॉइलच्या आसपासचा धातू मापन कसे बिघडवतो याचा दाखला धातुशोधकाच्या इतिहासाच्या आरंभीच सापडतो. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी प्रवर्तनावर आधारित यंत्र वापरले. तो प्रयत्न यशस्वी झाला नाही. रुग्णाच्या बिछान्यातील पोलादी स्प्रिंगांनी यंत्राच्या संकेतात गोंधळ निर्माण केला, हे त्यामागील एक कारण मानले जाते. किनाऱ्यावर स्प्रिंगांची जागा खारट पाणी आणि काळी वाळू घेते. तात्पर्य असे की, कॉइलला चिकटून असलेली प्रत्येक गोष्ट मापनाचा भाग बनते.

किनाऱ्यावरील हानिकारक घटक

*१) घर्षण :* वाळूतील प्रमुख खनिज क्वार्ट्झ असून मोह्सच्या काठिण्यमापनात त्याची कठीणता ७ आहे. फ्लॉरिडाच्या पूर्व किनाऱ्यावरील वाळूत क्वार्ट्झबरोबर शंखशिंपल्यांचा चुराही मोठ्या प्रमाणात असतो व काही ठिकाणी शिंपल्यांपासून बनलेला ‘कोकीना’ हा खडबडीत खडक उघडा पडलेला असतो. कॉइलचे प्लॅस्टिक या दोहोंपेक्षा मऊ असते. एका फेरीत हजारो वेळा डावीकडून उजवीकडे फिरणाऱ्या कॉइलचा तळ त्यामुळे हळूहळू घासला जातो. कडेचा भाग सर्वांत आधी झिजतो.

*२) क्षार :* समुद्राच्या १ किलोग्रॅम पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे ते चांगले विद्युतवाहक असते. पाणी वाळून गेल्यावर मागे राहणारे मिठाचे स्फटिक हवेतील ओलावा शोषून पुन्हा वाहक थर तयार करतात. कवचाला सूक्ष्म चीर पडली की हेच पाणी आत झिरपते आणि तांब्याच्या तारा व विद्युत-कवच यांची हानी होते. सीलबंद कॉइलमधील अशी हानी बहुधा दुरुस्त होत नाही, संपूर्ण कॉइल बदलावी लागते.

*३) उष्णता :* गडद रंगाची कॉइल उन्हात पडून राहिल्यास बरीच तापते. त्यामुळे वेटोळ्यांचे संतुलन किंचित ढळून यंत्राचे भूमी-समायोजन बदलते. तापलेली कॉइल एकाएकी थंड पाण्यात बुडविल्यास आतील हवा आकुंचन पावते आणि चिरेतून पाणी आत ओढले जाते. बंद मोटारीतील उष्णताही तितकीच घातक असते.

*४) आघात :* सर्वांत मोठा आघात बहुधा शोधकाच्या स्वतःच्या खोदण्याच्या पोलादी चाळणीचा असतो. संकेत मिळाल्यावर घाईने खोदताना ती कॉइलच्या कडेवर आदळते. लाटांच्या पट्ट्यात काम करताना खडकावर कॉइल आपटण्याचा धोका असतोच.

संरक्षक आवरण : लाभ व हानी यांचे गणित

कॉइलच्या तळाशी चपखल बसणारे प्लॅस्टिकचे पातळ आवरण हा घर्षणावरील सर्वमान्य उपाय आहे. आवरण झिजले की ते बदलता येते आणि मूळ कवच अबाधित राहते. यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. आवरणामुळे कॉइल जमिनीपासून दूर जाते व शोधाची खोली कमी होते, असे काही जण मानतात. या आक्षेपाचा विचार आकड्यांनी करणे उचित ठरेल.

वर्तुळाकार कॉइलच्या अक्षावरील चुंबकीय क्षेत्र अंतराबरोबर वेगाने कमी होते. लहान वस्तूच्या बाबतीत हा ऱ्हास दोन वेळा घडतो. एकदा कॉइलकडून वस्तूकडे जाताना आणि दुसऱ्यांदा वस्तूकडून कॉइलकडे येताना. त्यामुळे कॉइलची त्रिज्या आणि वस्तूचे अंतर यांच्या वर्गांची बेरीज केली असता, संकेताची तीव्रता त्या बेरजेच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. २८ सेंटिमीटर व्यासाची आदर्श कॉइल व २० सेंटिमीटर अंतरावरील लहान नाणे घेतल्यास पुढील चित्र दिसते :

- ३ मिलिमीटर जाडीच्या आवरणामुळे अंतर २०.३ सेंटिमीटर होते व संकेत मूळच्या सुमारे ९४ टक्के राहतो.
- कॉइल घासली जाईल या भीतीने ती २ सेंटिमीटर वर धरल्यास संकेत सुमारे ६७ टक्के राहतो.
- कॉइल ५ सेंटिमीटर वर धरल्यास संकेत केवळ ३८ टक्क्यांच्या आसपास उरतो.

प्रत्यक्ष यंत्रांची रचना याहून गुंतागुंतीची असल्याने हे आकडे ढोबळ मानावयास हवेत. तथापि त्यांतून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. आवरणामुळे होणारा तोटा अल्प असतो. आवरण नसल्याने हात वर राहतो आणि त्यामुळे होणारा तोटा त्याच्या कितीतरी पट असतो. आवरणाचा खरा लाभ हा की शोधक कॉइल निर्धास्तपणे वाळूलगत फिरवू शकतो.

आवरणाखालील वाळू व खोटे संकेत

आवरणाचा दुसरा परिणाम मात्र दुर्लक्षिला जातो. आवरण व कॉइल यांच्यामधील फटीत ओली वाळू शिरते. ही वाळू खारट असल्याने वाहक असते. तिच्यात मॅग्नेटाइटसारख्या लोहयुक्त खनिजांचे काळे कण असतील तर ती चुंबकीय प्रतिसादही देते. दोन्ही बाबतींत ती वेटोळ्यांच्या अगदी जवळ, म्हणजे त्यांचे क्षेत्र सर्वांत तीव्र असते त्या ठिकाणी बसलेली असते.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घेणे गरजेचे आहे. बहुतेक यंत्रे शोधाच्या वेळी स्थिर प्रतिसादाकडे दुर्लक्ष करतात आणि बदलत्या प्रतिसादालाच संकेत मानतात. फटीत घट्ट बसून राहिलेली वाळू त्यामुळे कदाचित उपद्रव देणार नाही. परंतु सैल वाळू कॉइलच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर सरकते, पाण्याचा थर एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे वाहतो आणि यंत्र त्यालाच वस्तू समजते. हेलकाव्याच्या टोकाला किंवा कॉइल कशावर आपटताच होणारा अकारण आवाज हे त्याचे लक्षण होय. अशा वेळी अनेक जण यंत्राची संवेदनशीलता कमी करतात. आवाज थांबतो, पण त्याबरोबर खोल व क्षीण संकेतही नाहीसे होतात. रोगाऐवजी लक्षणावर केलेला हा उपचार म्हणावा लागेल.

यावर उपाय साधा आहे. ओल्या वाळूत काम करताना अधूनमधून आणि फेरी संपल्यावर प्रत्येक वेळी आवरण काढून ते व कॉइलचा तळ धुवावा. आवरणाची कड चिकटपट्टीने बंद करण्याची प्रथाही आढळते. त्यासाठी विजेच्या कामात वापरली जाणारी, सहज निघणारी प्लॅस्टिकची पट्टी चालते. धातूचा पातळ पत्रा असलेली पट्टी मात्र कदापि वापरू नये. कड सिलिकॉनने कायमची बंद करणेही हितावह नाही, कारण कालांतराने आत गेलेले पाणी तेथेच अडकून राहते. कॉइलवर रंग देणेही टाळावे, कारण काही रंगांत कार्बन अथवा धातूचे कण असतात.

जोडभाग, केबल व दांडी

कॉइल दांडीला जोडणारा बोल्ट धातूचा नसतो. तो नायलॉनचा असतो व त्याच्यासोबत रबरी चकत्या असतात. कॉइलजवळ धातू नसावा हाच त्यामागील हेतू आहे. बोल्ट हरवल्यास घाईने लोखंडी किंवा पितळी बोल्ट बसविणे म्हणजे बेल यांच्या प्रयोगातील स्प्रिंगा पुन्हा जवळ आणण्यासारखे होय. रबरी चकत्यांत वाळू अडकली की कॉइल घसरते व तिचा कोन बदलतो. मग बोल्ट अधिक आवळला जातो आणि कॉइलचे प्लॅस्टिकचे कान तुटतात. चकत्या गोड्या पाण्याने धुऊन कोरड्या ठेवणे हाच योग्य मार्ग आहे. त्यांना तेल लावू नये, कारण तेलाला वाळू चिकटते.

केबल दांडीभोवती नीट गुंडाळलेली असावी. सैल केबल कॉइलबरोबर हलते आणि खोटे संकेत देते. कॉइलच्या मुळाशी मात्र कोन बदलण्याइतकी ढील ठेवावी, अन्यथा तेथे ताण पडून आतील तारा तुटतात. केबलच्या टोकाचे प्लग खाऱ्या पाण्यापासून दूर ठेवावेत. पुष्कळ यंत्रांत कॉइल जलरोधक असली तरी नियंत्रण-पेटी जलरोधक नसते. त्यामुळे पाण्यात उतरण्यापूर्वी यंत्राची माहितीपुस्तिका पाहणे अनिवार्य आहे. लांबी कमी-जास्त होणाऱ्या दांडीतील वाळू धुतल्याशिवाय दांडी मिटवू नये.

धुणे, वाळविणे व साठवण

किनाऱ्यावरून परतल्यावर करावयाची कामे पुढील क्रमाने केल्यास उचित ठरते :

१. तापलेली कॉइल प्रथम सावलीत निवू द्यावी.
२. आवरण काढून कॉइल, आवरण, बोल्ट, चकत्या व दांडीचा खालचा भाग गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवावा. जोरदार फवारा वापरू नये, कारण त्याने वाळू व पाणी सांध्यांत ढकलले जाते.
३. चिकटलेला मळ मऊ ब्रश व सौम्य साबणाच्या पाण्याने काढावा. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन यांसारखी द्रावके प्लॅस्टिक ठिसूळ करतात अथवा विरघळवितात.
४. सर्व भाग मऊ कापडाने पुसून सावलीत, वाहत्या हवेत वाळवावेत. पूर्ण वाळण्यापूर्वी आवरण चढवू नये.
५. कवचावरील ओरखडे बोटाने चाचपून पाहावेत. बोटाला खाच लागत असेल किंवा आतील थर दिसत असेल तर दुरुस्तीपूर्वी कॉइल पाण्यात नेऊ नये. वरवरच्या चिरेवर धातूविरहित इपॉक्सीचा पातळ लेप, कॉइल पूर्ण कोरडी असताना, देता येतो.
६. कॉइलवर वजन न ठेवता, उन्हापासून दूर, कोरड्या जागी साठवण करावी.

दोषनिदान

यंत्र अकारण आवाज करू लागल्यास दोष कॉइलचा, आवरणाचा, केबलचा की परिसराचा हे ठरविण्यासाठी एकावेळी एकच घटक बदलणे ही प्रयोगशाळेतील पद्धत येथेही उपयुक्त ठरते. प्रथम यंत्र धातूच्या वस्तूंपासून व विजेच्या तारांपासून दूर नेऊन कॉइल हवेत धरावी व कडेवर बोटाने हलकेच टिचकी मारावी. आवाज आल्यास आवरण काढून तीच कृती करावी. आता आवाज थांबला तर दोष आवरणाखालील वाळूचा आहे. तो न थांबल्यास कॉइल स्थिर ठेवून केबल मुळाशी हलवून पाहावी. केबल हलविताना आवाज येत असेल तर तार किंवा प्लग सदोष असण्याचा संभव आहे. केबल स्थिर असताना केवळ टिचकीने आवाज येत असेल तर वेटोळे सैल झाल्याची किंवा आत पाणी शिरल्याची शंका घ्यावी.

याशिवाय दोन नोंदी ठेवणे हिताचे आहे. एक, नवी कॉइल कोरडी असताना तिचे वजन. पुढे ती धुऊन पूर्ण वाळविल्यावरही वजन वाढलेले आढळल्यास आत पाणी असल्याचा तो संकेत ठरतो. दोन, ठरावीक नाणे हवेत किती सेंटिमीटर अंतरावरून ओळखले जाते याचे, त्याच समायोजनावर दर महिन्याला केलेले मापन. कॉइलची क्षमता सहसा एकाएकी संपत नाही, ती हळूहळू घटते. नोंद नसल्यास ही घट लक्षातच येत नाही.

कोकण किनाऱ्याच्या संदर्भात

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर धातुशोध हा फ्लॉरिडाप्रमाणे रूढ छंद नाही. तथापि भौतिकशास्त्र व भूगर्भशास्त्र विभागांना येथे एक उपयुक्त प्रात्यक्षिक करता येण्यासारखे आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील काळी वाळू इल्मेनाइटसाठी प्रसिद्ध असून तिच्यात मॅग्नेटाइटही असते. कॉइलखाली आधी पांढरी कोरडी वाळू, नंतर खाऱ्या पाण्याने भिजविलेली वाळू व शेवटी काळी वाळू ठेवून यंत्राच्या प्रतिसादातील फरक विद्यार्थ्यांना दाखविता येईल.

शोध मात्र कायद्याच्या चौकटीतच व्हावयास हवा. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ अन्वये जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मूल्याची वस्तू सापडल्यास तिची लेखी माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. संरक्षित स्मारकांच्या परिसरात परवानगीशिवाय उत्खनन करता येत नाही. फ्लॉरिडातही राज्याच्या मालकीच्या जमिनीवर व राज्याच्या सागरतळावर सापडणाऱ्या बेवारस ऐतिहासिक वस्तूंवर राज्याचा हक्क आहे. ब्रिटनमध्ये बुडालेल्या जहाजातील वस्तू सापडल्यास मर्चंट शिपिंग ॲक्ट, १९९५ या कायद्यानुसार ‘रिसीव्हर ऑफ रेक’ या अधिकाऱ्यास कळवावे लागते.

निष्कर्ष

१. शोधकॉइल हे मापनाचे साधन आहे. तिला चिकटलेली वाळू, मीठ, पाणी व धातू हे सर्व मापनावर परिणाम करतात.
२. पातळ आवरणामुळे संकेतात होणारी घट अल्प असते. कॉइल वाळूलगत फिरविता आल्याने तिची पुरेपूर भरपाई होते.
३. आवरण नियमित काढून धुतले नाही तर ते खोट्या संकेतांचे उगमस्थान बनते. अशा वेळी संवेदनशीलता कमी करण्यापूर्वी आवरण तपासावे.
४. गोडे पाणी, सावली, नायलॉनचा बोल्ट आणि नियमित नोंद हे निगेचे चार आधार होत. त्यांपैकी एकाचाही खर्च नव्या कॉइलच्या किमतीशी तुलना करण्याजोगा नाही.
५. वाळूतील क्षीण संकेतामागे एखादे झिजलेले नाणे असू शकते. तो संकेत ऐकू येण्याची शक्यता यंत्राच्या किमतीइतकीच त्याच्या स्वच्छतेवरही अवलंबून असते.